निगोंबोची चटणी

डोंबिवली पूर्व
४ फेब्रुवारी १९९५

उत्तरा,

पत्राच्या सुरुवातीला अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे. तेरा वर्षांत एकही पाठवला नाही, आता एकदम अनेक कशाला? सरळ कामाचं लिहिते.

आईचं सहस्रचंद्रदर्शन रविवारी, २ एप्रिलला आहे. बाळच्या आनंदची बारावी तोवर संपलेली असेल. बिल्डिंगच्या गच्चीवर मांडव, खाली घरात होम. आपल्या बंधुराजांनी आमंत्रणांची यादी केली आहे, दीडशे माणसांची. त्यात रंगाच्या कंपनीचा मॅनेजर आहे, ज्याने आईला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. तू नाहीस.

तू यावंस. आईचा डावा डोळा गेलेलाच आहे, उजवाही आता फारसा उरलेला नाही. डॉक्टर म्हणतात, या वयात ऑपरेशनचा भरवसा नाही. तुझं तोंड तिला दिसायचं असेल तर ते याच उन्हाळ्यात. पुढे नुसता आवाज ऐकेल.

ती म्हणते, लग्न झाल्यापासून उत्तरा एकदाही या दारात आली नाही. म्हातारपणी विसरायला होतं. मी दुरुस्त करत बसत नाही. चौऱ्याऐंशीच्या गणपतीत तू आली होतीस, ते तुला आठवतं आणि मला आठवतं. त्या दिवशी जे झालं ते झालं.

आता इथली हकिगत. बाळने बँकेतली नोकरी सोडून रंगाचं दुकान टाकलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. दिवाळीत त्याने इतके डबे खपवले की कंपनी त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी वीस वीरांना बायकामुलांसकट लंकेला नेते आहे. निगोंबो म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. शुक्रवारी जायचं, रविवारी परत. तिकडची लढाई सध्या थांबलेली आहे, म्हणून कंपनीला हे औदार्य सुचलं असावं. आनंदला अभ्यास आहे, तेव्हा त्याच्या जागी मी. बाळ मला म्हणाला, "ताई, तुझा पासपोर्ट नुसताच पडलाय, वापरला तरी जाईल." आमंत्रण द्यावं ते असं.

मी जाणार आहे. तीस वर्षं मुलांना नकाशात लंका दाखवते आहे. एकदा बघून येते, जागेवर आहे का.

उत्तर पाठव. नाथाला आणि जनाबाईंना नमस्कार सांग. सांगावासा वाटला तर.

वासंती


निगोंबो
शनिवार, ११ फेब्रुवारी

उत्तरा,

हा कागद हॉटेलचा आहे. शुभदाने खोलीतले सगळे कागद, दोन साबण आणि एक बूट पुसायचं फडकं बॅगेत भरलं, त्यातून मी दोन कागद वाचवले.

आमच्या वहिनीसाहेब तीन दिवसांसाठी दशम्या, मेतकूट, दोन प्रकारचे लाडू आणि लिंबाचं लोणचं घेऊन निघाल्या आहेत. एकट्या त्याच नव्हेत. विमानतळावर पट्ट्यावरून बॅगा आल्या तेव्हा अर्ध्या बॅगांना तेल सुटलेलं होतं. विठ्ठलवाडीचे एक सीतारामपंत आहेत, त्यांनी वातीचा स्टोव्ह आणला होता. तो सहार विमानतळावरच काढून घेतला, तेव्हापासून ते देशाच्या कारभारावर बोलताहेत.

गाव सुंदर आहे. पण ते बघायला कोणाला वेळ नाही. मंडळी सकाळी समुद्रावर गेली, बुटांसकट. तिथल्या वाळूत काथ्याच्या चटया पसरून त्यांवर मासळी वाळत घातलेली असते, पार नजर पोचेल तिथपर्यंत. बाळने नाकाला रुमाल लावला तो हॉटेलच्या पायरीवर येऊन काढला. "परदेशात आलो तरी हेच," म्हणाला. शुभदाने तर बसमध्ये चढण्यापूर्वी चपला झटकल्या. मी तिथे थोडी मागे रेंगाळले. एक म्हातारी मासळी उलटवत होती. वाळूत फतकल मारून बसली होती, डोक्याला फडकं, तोंडाचा पट्टा चालू. तुझ्या सासूबाईंची, जनाबाईंची आठवण झाली. हे मी कौतुकाने लिहीत नाही, आठवण झाली म्हणून लिहिते.

जेवणाचं सांगते. पहिल्याच दुपारी बाळने वेटरला बोलावून बोटं मोजत बजावलं, "नो मीट, नो चिकन, नो एग. वी आर प्युअर." आम्ही शुद्ध आहोत, एवढंच. वेटरने मान डोलावली. बाजूच्या टेबलांवरच्यांनीही मग तेच घोकलं. भात, आमटी, भोपळ्याची भाजी, आणि एक ओल्या नारळाची चटणी आली. लालभडक, लिंबाची, छोट्या कांद्याची.

काय सांगू तुला. त्या चटणीने कंपनीच्या एकवीस दुकानदारांची शुद्ध हरपली. बाळने चार वेळा मागून घेतली. दशम्यांबरोबर खाल्ली, पावाबरोबर खाल्ली, शेवटी नुसतीच खाल्ली. "याला म्हणतात चव," तो म्हणाला. "आपल्याकडच्या बायकांचे हातच नाहीत तसले." आपल्याकडच्या बायका म्हणजे मी आणि शुभदा समोर बसलो होतो. शुभदा रागावली नाही, ती पाचव्यांदा वाढून घेत होती.

मीही दोनदा घेतली. चांगली होती.

वासंती


निगोंबो
रविवार, १२ फेब्रुवारी, दुपार

उत्तरा,

कालचं पत्र अजून पेटीत टाकलेलं नाही. हे त्याच पाकिटात घालते.

सकाळी सगळे रत्नं बघायला गेले. मी गुडघ्याची सबब सांगून राहिले. हॉटेलच्या मागच्या अंगणात स्वयंपाकघर आहे. रोझलिन म्हणून साठीची बाई तिथे लाकडी उखळात आमची चटणी कुटत होती. गळ्यात क्रूस, साडी गुडघ्याशी खोचलेली. मी नुसती बघत उभी राहिले. मिरच्या, मीठ, कांदे. मग तिने एक काळपट लाकडाचा तुकडा घेतला, शिसवी पाटाचा कोपरा मोडावा तसा, आणि सुरीने त्याचे पापुद्रे काढून उखळात टाकले. मी विचारलं, हे कुठलं मूळ? ती म्हणाली, "फिश, मॅडम."

मला वाटलं, इंग्रजीत चूक होते आहे. तिने तुकडा माझ्या हातात दिला. मासा, उकडून, धुरी देऊन, दगड होईपर्यंत वाळवलेला. त्याच्याशिवाय चटणीला चव कुठून येणार, म्हणाली. भोपळ्याच्या भाजीतही तोच होता. मी म्हटलं, अहो, आमच्या लोकांनी सांगितलं होतं ना? तर तिने बोटं मोजून बाळची नक्कल करून दाखवली. नो मीट, नो चिकन, नो एग. फिश नको असं कोणी म्हणालं नाही. तिचं बरोबर होतं.

कोणी म्हणालं नाही, कारण आपल्या घरात तो शब्द कोणी काढतच नाही. तू कळव्याच्या कोळीवाड्यात लग्न करून गेलीस त्या दिवसापासून. शुभदा मासळीबाजाराला "ती गल्ली" म्हणते. आनंदला दशावतार शिकवताना बाळने पहिला अवतार गाळून कासवापासून सुरुवात केली होती. तेरा वर्षं ज्याने तो शब्द जिभेवर येऊ दिला नाही, त्याने वेटरसमोर ऐन वेळी तो कुठून आणावा? आणि बाकीचे वीस वीर बाळचं ऐकून बोलले. नाकाने कांदे सोलणाऱ्यांची अशी फजिती मी कधी पाहिली नव्हती.

दुपारी जेवायला बसलो. शेवटचं जेवण, म्हणून रोझलिनने चटणीचं मोठं भांडंच ठेवलं. मला बोलता आलं असतं. मी बाळकडे बघत राहिले. त्याने भातात खड्डा करून त्यात चटणी घातली आणि डोळे मिटले.

आता तुला म्हणून सांगते. मला माहीत होतं, तरी मीही घेतली. कालच्यासारखीच चांगली लागली.

वासंती


डोंबिवली
२२ फेब्रुवारी

उत्तरा,

तुझं पोस्टकार्ड आलं. तेरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. एकच ओळ लिहिलीस: "ज्या आईने माझ्या करंज्या उकिरड्यावर टाकल्या, तिच्या दारात मी कोणत्या तोंडाने येऊ?"

ठीक आहे. त्याचं बघू.

आधी इथली गंमत ऐक. शुभदाने रोझलिनकडून त्या चटणीच्या कोरड्या मसाल्याची सहा पाकिटं आणली. मिरची, मीठ आणि ते, सगळं कुटून ठेवलेलं. घरी नारळ खवायचा, लिंबू पिळायचं, कालवायचं. पाकिटांवर त्यांच्या लिपीत जे लिहिलं आहे ते शुभदाला नक्षी वाटते. फडताळात, देवाच्या तुपाच्या बरणीशेजारी ती पाकिटं आहेत. मी बघते आणि हसते. हल्ली या घरात हसायला फारसं काही नसतं.

पण एक झालं. आईने मध्यंतरीच्या आजारपणानंतर जेवण टाकलंच होतं, हे तुला माहीत नाही. मऊ भाताचे चार घास, तेही आनंदच्या आग्रहाने. परवा शुभदाने तिच्या भातात ती चटणी कालवली. आई थांबली. म्हणाली, "हे काय गं?" शुभदा म्हणाली, "लंकेची चटणी." आईने सगळा भात संपवला आणि बोटं चाटली. तेव्हापासून रोज मागते. कलावती अजून कामाला येते, ती म्हणते आजीबाईंच्या गालावर तुकतुकी आली.

मी सांगितलं नाही. चार घासांचे दहा झालेले बघून कोण सांगेल?

पण काल बाळ आणि शुभदाने मेनू ठरवला. २ एप्रिलला दीडशे पानांवर डाव्या बाजूला लंकेची चटणी. होमाला येणाऱ्या पाच गुरुजींच्या पानांवरसुद्धा. "लोक नाव काढतील," बाळ म्हणाला. काढतील खरं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात.

वासंती


डोंबिवली
११ मार्च

उत्तरा,

बाळला सांगितलं. पाच गुरुजींनी माझं काही वाकडं केलेलं नाही, एवढ्यासाठी. आणि दुसरं कारण होतंच.

दुकानातून आला, चहा घेतला, मग मी फडताळातलं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं आणि तो शब्द उच्चारला. आधी तो हसला. मग रोझलिनच्या उखळाचं सांगितलं तेव्हा मोरीत गेला आणि बराच वेळ चुळा भरत राहिला. महिन्यापूर्वी खाल्लेलं चूळ भरून कसं निघतं, हे मी विचारलं नाही. बाहेर आला तो नवीन जानवं घालून. शुभदा ओट्याला धरून रडत होती. तिला मासळीचं दुःख नव्हतं, तिने ती चटणी तिच्या भिशीतल्या अकरा जणींना वाटली होती.

"कोणाकोणाला माहीत आहे?" बाळने विचारलं. पहिला प्रश्न हा.

मी म्हटलं, "सध्या मला. तू यादीत उत्तराचं नाव घातलंस तर पुढेही मलाच."

"ताई, तिच्या घरात ते शिजतं."

"तुझ्या फडताळात चार पाकिटं आहेत."

तो उठून आमंत्रणांची यादी घेऊन आला. माणूस वाईट नाही गं तो, फक्त घाबरट आहे, आणि आयुष्यभर त्या घाबरटपणाला सोवळं म्हणत आला. सोबत छापील आमंत्रण पाठवते आहे. वर तुमचं नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: श्री. नाथा व सौ. उत्तरा. जनाबाईंचं मी घातलं.

इथपर्यंत लिहून माझी तीन दिवस हिंमत झाली नाही. आता लिहिते.

आईने तुझ्या करंज्या टाकल्या नाहीत. तू आली होतीस हेच तिला कधी कळलं नाही.

चौऱ्याऐंशीचा गणपती. तू आणि जनाबाई दारात उभ्या. तू हिरवी साडी नेसली होतीस, तुझ्या हातात स्टीलचा डबा. आई आत आरतीला बसली होती. मी डबा घेतला आणि तुम्हाला जिन्यात थांबवलं. जनाबाई मला म्हणाल्या होत्या, "बाय, पोरगी तुमचीच हाय. आमी काय ती खाल्ली नाय. आयेला येक डाव भेटू द्या." मी आत गेले, करंज्या कलावतीच्या पदरात घातल्या, डबा राखेने घासला आणि रिकामा तुझ्या हातात आणून दिला. "आईने टाकल्या. पुन्हा येऊ नकोस म्हणाली." हे वाक्य माझं. आतून आरतीचा आवाज येत होता, आई टाळ्या वाजवत होती.

सोवळं वगैरे काही नव्हतं. मला तुझा राग आला होता. मी त्रेचाळीस वर्षांची, दुसऱ्यांची पोरं शिकवणारी, आणि तू त्या साडीत इतकी सुखी दिसत होतीस. शिवाय सासू तुझ्यासाठी चार जिने चढून आली होती. माझ्यासाठी कोणी कधी कुठली पायरी चढलं नव्हतं. मला ते बघवलं नाही.

आई अकरा वर्षं म्हणत आली, "एकदा तरी आली असती पोर." मी शेजारी बसून तांदूळ निवडत होते. बाळला मी हसते, शुभदाला हसते. हसायला लायक माणूस या घरात कोण आहे ते तुला आता कळलं.

उद्या आईला सांगणार आहे.

वासंती


डोंबिवली
१९ मार्च

उत्तरा,

उद्या म्हणता म्हणता दिवस गेले. काल सांगितलं.

आधी चटणीचं सांगितलं. मला वाटलं, ते अवघड आणि दुसरं सोपं. आई उशीला टेकून बसली होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे उत्तराच्या घरी असं खातात होय." मग थोड्या वेळाने, "बाळला सांग, देवाजवळून हलवून ठेव. टाकू नका." मी हसले. तीही हसली. मला धीर आला, आणि त्या धिराच्या भरात मी गणपतीचं सांगितलं. डब्याचं, जिन्याचं, माझ्या वाक्याचं. काही गाळलं नाही.

तिने मला मधे थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "सगळ्या कलावतीला दिल्यास?"

मी म्हटलं, "एक मी खाल्ली."

हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. डबा घासण्यापूर्वी, मोरीच्या दाराआड उभी राहून. सारण ओल्या नारळाचं होतं, वेलची जरा जास्त झाली होती.

आई म्हणाली, "म्हणजे तुला चालल्या."

संध्याकाळी मी पाण्याचं भांडं पुढे केलं तर तिने हात मांडीवरच ठेवला. मला वाटलं, दिसलं नसेल. भांडं बोटांना लावलं. तिने बोटं मागे घेतली आणि कलावतीला हाक मारली. रात्रीचा भात आनंदने भरवला. आज सकाळीही तसंच. मासळीचा विटाळ तिला झाला नाही, माझा झाला.

मी तक्रार करत नाही. लिहून ठेवते.

दुपारी तिने मला बोलावलं आणि कागद घ्यायला सांगितलं. बाळवर तिचा भरवसा नाही, आनंदचं अक्षर वाईट आहे, शुभदा रडते आहे. उरले मी. म्हणाली, सांगते तसं लिही, एक शब्द बदललास तर मला कळेल. तिला वाचता येत नाही आता, तरी मी बदललेला नाही. मजकूर असा:

"चि. उत्तरा, तू आली होतीस हे मला काल कळलं. डोळे आहेत तोवर ये. दोन एप्रिलची वाट बघू नकोस, आधीच ये. जनाबाईंना आण, त्या जिन्यात उभ्या राहिल्या त्याबद्दल मला त्यांची माफी मागायची आहे. करंज्या कर. डबा माझ्या हातात दे. वासंती दारात असली तर तिच्याकडे देऊ नकोस."

इथवर आईचं. दार उघडायला मी येणार नाही. कलावतीला सांगून ठेवलं आहे.

वासंती